अण्णानं अडवलेली गाडी

नाक्यावर फ्लेक्स लागलाय आणि त्यावर अण्णाला हसवलंय. कुठला फोटो घेतला आणि त्याचे ओठ कुणी ओढले कोण जाणे, पण दात दिसतायत. खाली लिहिलंय, 'मितभाषी, मनमिळाऊ, सदा हसतमुख'. तिन्ही शब्द खोटे आहेत. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं, पण खोटं बोला असं कुणी सांगितलंय? मितभाषी माणूस भर रस्त्यात उभा राहून बसवाल्याच्या सात पिढ्या काढतो का? मनमिळाऊ म्हणावं, तर गिऱ्हाईक दुकानात शिरलं की हा आधी त्याच्याकडं पाठ करायचा. आणि हसतमुख! इतक्या वर्षांत मी त्याला एकदाच हसताना बघितलं, ते पुढं सांगतो.

सगळ्यात जास्त राग कशाचा, तर त्या फ्लेक्सवर दोन पांढरे फोकस सोडलेत. हैदराबादकडनं येणाऱ्या डायवरच्या थेट डोळ्यात. अण्णा जिवंत असता तर शिडी लावून आधी ते फोकस फोडले असते आणि मग सावकाश फ्लेक्स फाडला असता.

मी काही लिहिणारा माणूस नाही. शाळा लवकर सुटली, स्टेरिंग लवकर हातात आलं. पण कारभारीण गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि हा खोटा फ्लेक्स येता-जाता दिसतो. खरा अण्णा कसा होता ते कुणीतरी सांगायला पाहिजे. त्याच्याशी माझ्याएवढा कुणी भांडलेला नाही, म्हणून मीच सांगतो.

अण्णा गाड्यांची वायरिंग करायचा. घर विणकरांचं, बापाचा जन्म चादरीच्या मागावर गेला. घरात तेलगू बोलायचे. आमच्याशी मराठी, आणि राग लई वाढला की परत तेलगू. त्या शिव्या मला कळायच्या नाहीत, हे दोघांच्याही दृष्टीनं बरंच होतं. सोलापुरात हैदराबाद रोडला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. समोर एका गोडाऊनची लांबलचक भिंत. त्या भिंतीवर त्यानं चुना मारून निळीच्या रेघा ओढलेल्या होत्या, आडव्या आणि उभ्या. गाडी दुकानात उभी करायची, दिवे भिंतीवर मारायचे आणि रेघ बघून दिव्याचे स्क्रू फिरवायचे. गोडाऊनवाल्यानं भिंत रंगवली की हा दुसऱ्या दिवशी परत चुना मारायचा. शेवटी गोडाऊनवाला दमला. अण्णा कधी दमला नाही.

त्याचं एकच म्हणणं होतं. "दिवा रस्त्याला दाखवायचा असतोय, माणसाला न्हाय." हे तो दिवसातनं इतक्यांदा म्हणायचा की लोक त्याच्या तोंडावर चिडवायचे. "अण्णा, चहा कुणाला दाखवायचा?" मग तो चहा रस्त्यावर ओतून द्यायचा. स्वतःचा नव्हे, चिडवणाऱ्याचा.

पूर्वी हेडलाईटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग मारायची पद्धत होती, आमच्या वयाच्या माणसांना आठवत असेल. उजेड खाली राहायचा. ती पद्धत गेली, हे पांढरे दिवे आले. कालपरवा गाडी शिकलेलं पोरगं मोटरसायकलला विमानाचा दिवा लावून येतं आणि समोरच्याला आंधळं करून जातं. त्याला विचारा, तर म्हणतं, "मला दिसतंय की." तुला दिसतंय रे बाबा, मला मरण दिसतंय, त्याचं काय? मी आयुष्यभर गाडी हाकली. समोरून गाडी आली की आधी मी दिवा खाली करायचो, मग तो करायचा. ओळख ना पाळख, पण तेवढा रामराम व्हायचा. आता तो रामराम संपला. ह्या एका बाबतीत मी आणि अण्णा एका बाजूला होतो. बाकी सगळ्या बाबतीत समोरासमोर.

अण्णा मात्र बोलून थांबायचा नाही. खिशात कायम काळ्या टेपचं बंडल. लग्नाला गेला की जेवायच्या आधी कार्यालयाच्या मैदानात जायचा आणि ज्या गाडीला तसले दिवे असतील तिच्या काचांवर वरून निम्म्यापर्यंत टेप मारून यायचा. एकदा एका पुढाऱ्याच्या गाडीला मारली. दुसऱ्या दिवशी पुढारी चार माणसं घेऊन दुकानात आला. मी तिथंच होतो.

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही," पुढारी म्हणाला.

"न्हाय लावत," अण्णा म्हणाला. "तुमी फकस्त गाडीच्या म्होरं उभं ऱ्हावा."

का कोण जाणे, पुढारी उभा राहिला. अण्णानं दिवे लावले. पुढाऱ्यानं दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

"आता माझ्याकडं चालत या," अण्णा आतनं ओरडला.

पुढारी दोन पावलं आला आणि बॅटरीच्या पेटीला अडखळून पडला. त्याच्या माणसांनी अण्णाला चोपला तो चोपलाच. अण्णाचा खांदा त्यानंतर कधी नीट वर गेला नाही. आणि पुढाऱ्याचे दिवे? तसेच राहिले. म्हणून सांगतो, अण्णा जिंकायचा वगैरे काही नाही. मार खायचा आणि परत टेप घेऊन निघायचा.

आता माझ्या गाडीचं.

माझा सहा टायरी ट्रक, जुना. माल भरायचं वय गाडीचंही संपलं आणि माझंही. भंगारवाला चकरा मारत होता. तेव्हा कारभारीण म्हणाली, "इकू नगा. तुमी जन्मभर हिंडला, म्या दारातनं धूळ बघितली. आता मला न्या."

तिचं माहेर माळशिरसाकडचं, मेंढरांमागं फिरणारी माणसं. लहानपणी ती मेंढरांबरोबर पार कोकणात चालत गेलेली. कुणीतरी तिला मोबाईलवर लडाखची मेंढरं दाखवली, बर्फाच्या कडेला चरणारी. तेव्हापासून एकच ध्यास. "तिकडची माणसं मेंढरांना कशी हाक मारत्यात, ते आयकायचं हाय मला." आता ह्यासाठी कुणी ट्रक घेऊन हिमालयात जातं का? पण मी कुठं तिला कधी काही दिलं होतं! ठरवलं. मागं पत्र्याची खोली बांधली. पलंग, पाण्याची टाकी, शेगडी, जाळीची खिडकी, चढायला शिडी. लोक बघायला यायचे. शेजारी म्हणाले, म्हातारा चळला. म्हटलं, चळला तर चळला, तुमच्या दारात नाही चळला.

राहिले फक्त दिवे. जुन्या गाडीचे दिवे म्हणजे देवापुढची समई. घाटात तर नुसता पिवळा धूर. गाडी अण्णाकडं लावली.

आमचे जावईबापू पुण्यात मोठ्या कंपनीत आहेत, डोंगरात जीपा घेऊन जाणाऱ्यांच्यात त्यांची ऊठबस. त्यांनी परदेशातनं दिव्यांची जोडी मागवली आणि सासऱ्याला भेट म्हणून पाठवली. चांदीच्या ताटासारखे चकचकीत दिवे. मी ते नारळ द्यावा तसे अण्णाच्या हातात दिले. त्यानं एक दिवा तारेनं बॅटरीला जोडला, भिंतीवर मारला आणि बंद केला.

"घिऊन जा."

"का? काय झालं?"

"डायवर, भितीकडं बघ." परत लावला. "डावीकडं उजेड खाली हाय, उजवीकडं वर चढलाय. आपल्या उजवीकडनं कोण येतंय?"

"समोरची गाडी."

"मग त्येच्या डोळ्यात जातोय. आन् डावीकडं कडंनं कोण चालतंय? पायी माणूस. त्यो अंधारात. ज्या देशात लोक उजव्या अंगानं गाडी हाकत्यात, तिथलं दिवं हायत हे. हितं उलटं पडत्यात."

"अण्णा, जावयानं दिलेत. परत कसे करू? जावयाचं मन मोडतंय."

"मोडू दे मन. समोरच्याचं टाळकं फुटाय नगं."

आता ह्याला काय म्हणावं! जावई म्हणजे काय चीज असते हे ह्याला ठाऊक नाही, कारण ह्यानं लग्नच केलं नव्हतं. मी हातघाईवर आलो. कारभारीण त्या दिवशी बरोबर आली होती, बाकड्यावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "भांडताय कशाला? जावयाचं दिवं मागं घरात लावा की. जावयाच्या उजेडात भाकरी थापीन. फोटू काढून पाठवू, त्येंचा मान बी ऱ्हाईल."

तेव्हा अण्णा हसला. तोच तो एकदा. मोठ्यानं नव्हे, घशात खरखर झाली तेवढीच. मग उठला, कप स्वतः धुतला आणि तिला चहा दिला. मला दिला नाही.

ती त्याला मेंढरांचं सांगत बसली. पहाटेच्या अंधारात कळप रस्त्याकडंनं नेताना मोटारीचा झोत डोळ्यात आला की मेंढरं जागच्या जागी थिजतात, पळत नाहीत, आणि त्यातच मरतात. तिच्या चुलत्याचा अर्धा कळप तसाच गेलेला. हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी ट्रकवाला, मला कशाला सांगेल? अण्णा हातातलं काम टाकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वैनी, तुमच्या गाडीचं दिवं असं करतो की कडंच्या मेंढराचं पाय दिसतील, डोळं न्हाय."

काम त्यानं चांगलं केलं, हे नाकारत नाही. तो म्हणाला, दिवा आंधळा नाही, वाट आंधळी आहे. बॅटरीतली वीज पार डायवरपुढच्या बटणातनं फिरून, जुन्या बारीक वायरीनं दिव्यापर्यंत येते तेव्हा निम्मी वाटेतच मेलेली असते. त्यानं बॅटरीपासनं थेट जाड वायर ओढली. बटणाकडं नुसता हुकूम द्यायचं काम ठेवलं. अर्थिंगचा गंज खरवडला, आतली काळी पडलेली परातीसारखी वाटी बदलली. दिवा लावला तर भिंत पिवळ्याची पांढरी झाली. म्हटलं, झालं, आता रेघेवर आण की निघतो. जून लागला होता, बर्फातले लडाखचे रस्ते उघडले होते.

आणि इथनं पुढं अण्णानं मला जो छळला, तो मी विसरणार नाही.

आधी म्हणाला, स्प्रिंगची पानं बसलीत, ती बदलल्याशिवाय रेघ धरता येत नाही. बदलली. मग म्हणाला, गाडी रिकामी आहे. माल भरला की मागचं अंग बसतं, नाक वर येतं आणि दिवे आभाळात जातात. वाटेत जेवढं वजन असेल तेवढं सगळं आधी भर. टाकी पाण्यानं भरली. गाद्या, ज्वारी, शेगडी, सगळं चढवलं. मग म्हणाला, "माणसं कुटं हायत?"

"मी हाय की."

"वैनी कुटं हायत?"

तिला दम लागायला लागला होता. हृदय मोठं झालंय म्हणाले डॉक्टर, दवाखान्यात ठेवली होती. मी म्हटलं, चार दिवसांनी घरी येईल, तू लाव.

"वैनी क्लीनरच्या जागंवर बसल्याबिगर दिवं लावत न्हाय."

वाळलेल्या काडीसारखी बाई ती. तिच्या वजनानं ट्रकचं नाक काय वर-खाली होणार? चिमणी बसली काय, उडाली काय! मी सांगून थकलो. घरी आली तर म्हणे, आज ढग आहे, भिंतीवर रेघ दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिला दम. तिसऱ्या दिवशी ह्याचा खांदा धरलेला. मी रोज सकाळी जायचो, भांडायचो, तणतणत घरी यायचो. संध्याकाळी तिच्या उशाशी बसून अण्णा आज काय म्हणाला, मी काय सुनावलं, सगळं साग्रसंगीत सांगायचो. ती हसायची. खोकला येईस्तोवर हसायची. म्हणायची, "लई हट्टी माणूस हाय की वो. उद्या परत जावा. सोडू नगा त्येला."

मी सोडला नाही. पाऊस सरला, दिवाळी आली, वरचे रस्ते बर्फानं बंद झाले. आणि संक्रांतीच्या आधी ती गेली.

तेराव्यालाही अण्णा आला नाही. सगळी बाजारपेठ येऊन गेली, जिच्यासाठी कप धुतला तिच्या तेराव्याला हा आला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी दुकानात गेलो. तो बाकड्यावर बसला होता. माझी गाडी तशीच उभी, भरलेली.

मी तोंडाला येईल ते बोललो. "एका बाईच्या वजनासाठी गाडी अडवलीस. वरीस घालवलंस माझं. तिला काय बघायचं होतं, तुला ठाऊक होतं. तुझी भिंत, तुझी रेघ! जिवंत माणूस गेलं आन् तू रेघ धरून बसलास."

त्यानं खिशातनं टेपचं बंडल काढलं आणि बोटावर फिरवत बसला. शिवीला शिवी परत आली नाही, ह्याचंच मला आधी नवल वाटायला हवं होतं.

"बोल की! आता का दातखिळी बसली?"

"डायवर," तो म्हणाला, "गाडी म्या अडवली न्हाय. वैनीनं अडवली."

मी त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवून घेतली नाही. तसाच बोलत राहिला.

माझ्या गाडीच्या स्प्रिंगची पानं आणायला मी एक दिवस चिंचोळी एमआयडीसीत गेलो होतो. त्या दुपारी कारभारीण रिक्षा करून अण्णाच्या दुकानात आली. एकटी. म्हणाली, "अण्णा, डाक्टर म्हणत्यात तिकडची हवा पातळ हाय, मला सोसायची न्हाय. घाटातच ऱ्हाईन म्या. पर ह्येंना सांगितलं तर हे उद्याच्याला गाडी भंगारात घालत्याल आन् भितीकडं तोंड करून बसत्याल. जवर गाडीचं काम चालू हाय तवर माणूस ताठ हाय. तुमी गाडी सोडू नगा. दिव्याचं निमित सांगा. तुमचा सोभाव समद्या सोलापूरला ठावं हाय, कुणाला संशय यायचा न्हाय."

"आन् तू हो म्हणलास?"

"न्हाय म्हणलो. मग त्या रडाय लागल्या. मग व्हय म्हणलो." त्यानं कॉलरवरचा माझा हात बघितला. "रोज तुझ्या शिव्या खाल्ल्या. एक दीस वैनीचा फोन आला. म्हणल्या, आज लई चांगलं भांडलासा, घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या त्येंनी."

मी हात सोडला. खाली बसलो. डोकं फुटायची वेळ. म्हणजे मी रोज संध्याकाळी जिच्यापुढं ह्याला शिव्या घालत होतो, ती मान हलवत होती, 'लई हट्टी माणूस हाय' म्हणत होती, आणि हे सगळं तिनंच बांधून दिलेलं होतं! दोघांनी मिळून मला खेळवला. सबंध संसार माझ्याशी केला आणि मरणाची गोष्ट सांगितली वायरमनला. मला सांगितली असती तर काय झालं असतं? नसतो गेलो लडाखला. गाडी दारात उभी करून दोघं आत झोपलो असतो. तिला काय वाटलं, मी एवढा कच्चा आहे? आणि असलो कच्चा, तरी नवरा होतो की नाही?

हे सगळं मी अण्णाला बोललो. तो म्हणाला, "हे मला कशाला सांगतुस? म्या तरी काय, सांगकाम्या." मग म्हणाला, "तेराव्याला कुठल्या तोंडानं येणार हुतो?"

अंधार पडला होता. तो उठला आणि स्क्रू फिरवायचं पेचकस माझ्या हातात दिलं. त्या पेचकसाला त्यानं कुणाला हात लावू दिलेला मी पाहिला नव्हता. स्वतः शिडी धरून, दुखऱ्या खांद्यानं कण्हत, केबिनमध्ये चढला आणि क्लीनरच्या जागेवर बसला. खिडकीतनं डोकं बाहेर काढून ओरडला, "बघतुस काय? फिरव! डावा आधी. आरं खाली घे, खाली! डायवर हाईस का बैल?"

मी फिरवत गेलो. तो शिव्या देत गेला. मीही दिल्या. उजेड हळूहळू उतरत रेघेवर येऊन बसला, डाव्या अंगाला थोडा वर, रस्त्याच्या कडेपुरता. दिवे कुणीच बंद केले नाहीत. तो वर तिच्या जागेवर, मी खाली पेचकस धरून.

पुढं महिनाभरातच अण्णा गेला. झोपेत गेला म्हणतात. मला तोही त्याचा आडमुठेपणाच वाटतो. कारण आता जून जवळ आलाय, रस्ते उघडतील, मी निघणार आहे. एकटा. मेंढरांना तिकडं कशी हाक मारतात ते ऐकून येणार आहे, तिला कळो न कळो. पण दोघांना मी माफ केलेलं नाही. वाटेत रोज कुणाशीतरी भांडण होणारच, माझा स्वभाव तसा. दिवसभराचं भांडण संध्याकाळी कुणाला सांगायचं, एवढं तरी दोघांपैकी एकानं ठरवून जायला पाहिजे होतं.